भर दुपारचा कंदील

जुन्नरच्या आमच्या पेठेत पेढी बुडाली की मालक भर दुपारी दारात दिवा लावी. आता आमच्याकडं काही राहिलं नाही, असा त्याचा अर्थ. दिवा पाहिला की पेठ मान खाली घालून पुढं जाई आणि कोपऱ्यावर वळली की मनसोक्त बोले. आमची पेठ सभ्य आहे, मुकी नाही.

धरमचंदला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्या दिवशी त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती, मुंबईच्या एका कंपनीचे नवे कंदील. जुन्नरपासून घोडेगावापर्यंतची एजन्सी त्याला हवी होती. वडील गेल्यापासून 'पोराच्यानं पेढी चालायची नाही' हे ऐकून त्याचे कान किटले होते. आज कंपनीचा तपासनीस येणार होता आणि पेढी कशी आहे ते पाहून अहवाल लिहिणार होता.

सकाळीच नमुन्याच्या कंदिलाला गिऱ्हाईक आलं. आणे गावच्या पठारावर मेंढरं राखणारा यमाजी.

"आमच्याकडं लई वारा, शेट. पेटवून दारात टांगा. दिवेलागणीपातूर इझला न्हाई तर घेतो."

धरमचंदनं हौसेनं कंदील टांगला. यमाजी ओट्यावर राखणीला बसला.

दुपारी शेजारची धापूबाई डोळ्याला पदर लावून पिठलं-भाकरी घेऊन आली. "पानबाई, आज चूल पेटवू नका. आमी हाय ना."

पानबाई म्हणजे धरमचंदची आई. तिनं बाहेर येऊन कंदील पाहिला आणि कपाळावर हात मारला. "मेल्या, बापाच्या पेढीला दिवा लावलास? विझव आधी!"

धरमचंद धावला, तर यमाजी काठी आडवी धरून उभा. "हात लावायचा न्हाई! इझवलात तर साऱ्या वाड्यांवर सांगीन, कंदील फुसका हाय म्हणून."

विझवावा तर कंदील बुडतो, ठेवावा तर पेढी बुडते. धरमचंद दारातच मटकन बसला.

तिकडं तपासनीस पेठेत शिरला होता. त्याच्या छापील अहवालात पेढीच्या स्थितीपुढं चार शब्द होते: चालू, थंडावलेली, बंद, बुडालेली. तीन खोडायचे, एक ठेवायचा. त्यानं धरमचंदच्या समोरच्या पेढीवरल्या गुलाबचंदला विचारलं. गुलाबचंदला तीच एजन्सी हवी होती. त्यानं सुस्कारा सोडला. "बुडालेली. बिचारा!"

तपासनीस धरमचंदच्या दारात आला आणि गोंधळला. दार उघडं, म्हणजे बंद नाही. गिऱ्हाईक ठाण मांडून बसलेलं, म्हणजे थंडावलेली नाही. मालक रडकुंडीला आलेला, मग चालू कशी म्हणावी?

"शेठ, मीही व्यापाऱ्याचा मुलगा आहे," तो कंदिलाकडं पाहत म्हणाला. "याचा अर्थ मला कळतो."

"साहेब, दिवेलागणीपर्यंत थांबा. कंदील तुमचाच आहे!" धरमचंदनं हात जोडले.

गाडी दुसऱ्या दिवशीची होती, म्हणून तपासनीस थांबला. दुखवट्याचं पिठलं त्याला फार आवडलं.

सूर्य कलला आणि वारा सुटला. पेठेत दिवे लागले आणि लागले तसे विझले. गुलाबचंदनं काड्यांची पेटी संपवली. शेवटी तो विझलेली चिमणी घेऊन रस्ता ओलांडून आला.

"जरा दिवा लावून दे रे."

यमाजीनं आकाशाकडं बघून, झाली दिवेलागण म्हणून, मान डोलावली. धरमचंदनं कंदील आत नेला, काच वर केली आणि गुलाबचंदची चिमणी पेटवून दिली. तोवर दारात निम्मी पेठ आपापले दिवे घेऊन उभी होती.

तपासनीसानं विचारलं, "शेठ, ही पेढी कशी म्हणालात?"

गुलाबचंदनं हातातल्या चिमणीकडं पाहिलं, मागच्या रांगेकडं पाहिलं. "चालू," तो म्हणाला. मला तो माणूस त्या दिवशी पहिल्यांदा आवडला. धरमचंदचे डोळे मात्र भरून आले.

तपासनीसानं तीन शब्द खोडले.

"कंदील झ्याक हाय," यमाजी उठत म्हणाला. "पर ह्यो नगं. नवा माल आला की द्या. दिवसा जळलेला दिवा घरात कोन नेतं, राव?"

तो कंदील मग पानबाईनंच ठेवून घेतला. लावायच्या आधी ती अंगणात जाऊन दोनदा बघायची, सूर्य नक्की मावळलाय ना.