बोटभर उंच पायरी

सुतार म्हातारा झाला होता आणि मरणाला तो भीत नव्हता. वर गेल्यावर येशूला तोंड कसं दाखवायचं, याची मात्र त्याला फार भीती वाटे.

तीस वर्षांपूर्वी त्याने थोरल्या भावाच्या घरात लाकडी जिना बसवला होता. वरच्या मजल्यावर नंतर फरशी येणार, तिची जाडी मापात धरायला तो विसरला. फरशी बसली आणि शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा बोटभर उंच झाली. कपड्यांची टोपली घेऊन चढताना वहिनी तिथेच अडखळल्या, थेट खाली घरंगळल्या. गुडघा कायमचा अधू झाला. लोक विचारू लागले तेव्हा सुतार पटकन बोलून गेला, "वहिनींचं लक्ष कुठे असतं?" सगळ्यांनी ते खरं मानलं.

एका दुपारी कारखान्यात, रंध्याच्या मऊ छिलक्यांवर त्याचा डोळा लागला. समोर एक जिना उजेडात चढत गेलेला. ताज्या लाकडाचा वास येत होता. तो चढू लागला, पण पाठीवर एक फळी होती आणि पायरीगणिक ती जड होत होती.

मध्येच एक जण बसला होता. केसांत भुसा, तळहातांवर खिळ्यांचे वण. सुताराने ओळखलं आणि मान खाली घातली.

"पाठीवर काय रे?"

"पायरी. माझ्याच हातची."

"माप चुकलं?"

"चुकलं. पण ते मी दुसऱ्याच्या माथी मारलं."

"हेच ऐकायला थांबलो होतो." त्याने फळी उतरवून स्वतःच्या खांद्यावर घेतली. "ही मी केव्हाच उचलली आहे. तू उगाच वाहतोयस."

"मग येऊ वर?"

"येशील. आधी वहिनींकडे जाऊन ये."

सुतार जागा झाला तो तसाच निघाला. वहिनी खिडकीपाशी बटण शिवत होत्या.

"वहिनी, वरची पायरी उंच आहे. चूक माझी होती."

त्यांनी दातांनी दोरा तोडला. "रोज तिच्यावरून जाते मी, भावोजी. मला कळणार नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर म्हणाला असतात, वहिनी फार कुरकुरतात." त्या हसल्या. "माफ तर कधीच केलंय. ती माफी न्यायला तुम्हीच येत नव्हता."

 सुतार म्हणाला, "आज सगळ्यांसमोर सांगतो."

संध्याकाळी मुलं, सुना जमल्या. त्याने सगळं सांगितलं.  वहिनींची नात पुढे सरकली.

"मग आजोबा, इतकी वर्षं बोलणी आजीला का बसली?"

"मी गप्प राहिलो म्हणून."

"आजी रागावली तुम्हाला?"

"नाही गं," सुतार म्हणाला. "तिने मला सोडवलं."