चाकाचा गाभा

फुएनसांताने कढईखाली जाळ केला, पण दुकानाच्या फळ्या काढल्या नाहीत. ऑलिव्हची तोडणी सुरू झाली त्या सुमाराला तिचा नवरा कुस्तोदिओ याच कढईसमोर कोसळला होता. उजवं अंग गेलं, वाचा गेली, आणि दुकान मिटलं ते मिटलंच. आज रविवार, गर्दीचा दिवस होता खरा, पण आजची चूल गिऱ्हाइकांसाठी नव्हती.

तो भिंतीशी चाकांच्या खुर्चीत बसला होता. बुधवारपासून त्याने तोंड उघडलं नव्हतं. पातळ काही दिलं तर ते वाट चुकून छातीत उतरायचं, आणि दवाखान्याची भुकटी घालून दाट केलेलं दिलं की तो ओठ असे मिटायचा, जणू शिवलेच आहेत. काल डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "उद्याचा दिवस बघू. काहीच गेलं नाही तर सोमवारी गाडी पाठवते. नाकातून नळी घालावी लागेल, आणि ती शहरातच."

नळीचं नाव काढल्यावर फुएनसांताच्या डोळ्यांपुढे सासू आली. हात पलंगाला बांधलेले, नाकात नळी, आणि तशीच गेलेली. त्या दिवशी दवाखान्यातून परतताना कुस्तोदिओ पुलावर थांबला होता. "माझं असं करू नकोस हं," एवढंच बोलला होता.

म्हणून आज कढई. दाट म्हणजे काय, हे या घराला कोणी शिकवायला नको होतं. इथलं पातेल्यात शिजवलेलं चॉकलेट असं की चमचा पडता पडता विचार करतो. त्यात चुरोच्या, म्हणजे तळलेल्या पिठाच्या, वेटोळ्या चाकाचा एक तुकडा भिजवला की लहान बाळही गिळेल. निदान वासाने तरी तो तोंड उघडेल.

पण चाकाला माणसं दोन लागतात. एकाने खांद्याला सोऱ्या टेकवून, आतून बाहेर, गोगलगायीच्या पाठीसारखं पीठ तेलात सोडायचं. दुसऱ्याने दोन लांब काठ्यांनी ते फिरवायचं, उलटायचं. सोऱ्या त्याचा, काठ्या तिच्या. उभा जन्म असाच गेला. सोऱ्याच्या दांड्याने त्याच्या खांद्यावर घट्टा पडला होता, दगडासारखा. परवा अंग पुसताना तिचा हात तिथे गेला, तर तो मऊ लागला. कडेने सालं निघत होती. तेव्हा ती मोरीत जाऊन रडली होती.

मागच्या दाराने आरासेली आली, शेजारीण. हातात ओढ्यावरून कापून आणलेला लव्हाळा, गुडघ्यापर्यंत चिखल.

"काय हो मालक!" ती आत येता येताच थट्टेने ओरडली. "बाहेर रांग लागलीय आणि तुम्ही बसलात राजासारखे?"

कुस्तोदिओने डोळे वळवले. एवढंच.

"लव्हाळा कशाला आणलास गं?" फुएनसांता म्हणाली. "गिऱ्हाईक थोडंच आहे ओवून न्यायला?"

"हिरव्या लव्हाळ्यात ओवला नाही तर तो चुरो कसला? तूच सांगायचीस ना जगाला. दे तो सोऱ्या इकडे."

"तुला जमेल?"

"नवऱ्याला दाबात ठेवलं आयुष्यभर, पिठाचं काय घेऊन बसलीस!"

उकळतं खारं पाणी पिठावर पडलं, वाफ उठली. फुएनसांताने लाकडी दांड्याने पीठ घोटलं, सोऱ्यात भरलं. मुठीने ठासून भरायचं काम कुस्तोदिओचं. तिला वाटलं भरलंय. आरासेलीने दाबलं, पीठ भसकन सुटलं, आणि आत अडकलेली हवा तेलात फुटली. चाकाच्या चिंध्या झाल्या. तेल फुएनसांताच्या कोपरापर्यंत उडालं.

"आई गं! भाजलं का?"

"भरताना चुकले मी," ती हात पाण्यात धरत म्हणाली. "पुन्हा भर. ठासून."

तेवढ्यात तिचं लक्ष गेलं. कुस्तोदिओचा डावा हात मांडीवरून उठला होता. हवेत हळूहळू, आतून बाहेर, फिरत होता.

"आरासेली," ती कुजबुजली, "त्याच्या हाताकडे बघ. तेवढ्याच चालीने सोड."

पीठ आता धारेने उतरलं. वेढ्याला वेढा लागत गेला. काठ्या फिरवताना फुएनसांताच्या ओठांवर जुनं गाणं कधी आलं, तिलाच कळलं नाही:

लव्हाळ्याची दोरी, तिला सोन्याचा गं वेढा,
पहिला घास तुझा राया, मग माझा थोडा थोडा.

चाक उलटलं. सोनेरी, अखंड. हात थांबला, मांडीवर पडला.

चाकाचा गाभा त्या घरात कधी विकला गेला नव्हता. मधला तो जाड, मऊ वेढा दोघांचा. पहिला घास सोऱ्या धरणाऱ्याचा, उरलेला काठ्या धरणारीचा. भांडण असलं तरी, अबोला असला तरी, गाभा वाटून खायचा आणि मग दुकान उघडायचं.

फुएनसांताने गाभा कापला, चॉकलेटमध्ये बुडवला, मऊ होईपर्यंत धरला. खुर्चीपुढे गुडघे टेकून बसली.

"घे रे. तुझा आधी. तूच तर केलंस हे."

त्याच्या नाकपुड्या हलल्या. ओठ सुटले. आरासेलीने श्वास धरला.

घास ओठांना लागला, आणि तिथेच थांबला. डावा हात वर आला, त्याने तिच्या बोटांतून तो तुकडा काढून घेतला. ओठांवर चॉकलेटचा एक ठिपका उरला होता. मग चुकत, आधी तिच्या हनुवटीला आणि मग तोंडाला, त्याने गाभा तिच्यापुढे धरला.

"नाही," ती म्हणाली. "तुझा झाला नाही अजून. खोटं नको करूस. खा."

तो तिच्याकडे बघत राहिला. डोळ्यांत ना राग, ना हट्ट. पुलावर थांबला होता तेव्हाही असाच बघत होता. ओठ पुन्हा मिटले होते. त्याच्या लेखी त्याचा घास झाला होता.

आरासेलीने पाठ फिरवली आणि स्वच्छच असलेलं भांडं घासायला घेतलं.

फुएनसांताने तोंड उघडलं. गाभा नाकारायचा नसतो. पीठ जिभेवर विरलं, आणि तिने ते त्याच्याकडे बघत गिळलं.

बाहेर फळीवर थाप पडली. तेलाचा वास गल्लीभर गेला होता.

"कुस्तोदिओ! उघडलं का रे दुकान?" कोणीतरी हसत हाक मारली. मागे आणखी आवाज होते.

"काय सांगू?" आरासेलीने न वळताच विचारलं.

"उरलेलं चाक लव्हाळ्यात ओव आणि देऊन टाक. दुकान उघडलं नाही म्हणावं."

भांड्यातल्या चॉकलेटवर साय धरली होती. फुएनसांताने एप्रनच्या टोकाने त्याच्या ओठांवरचा ठिपका पुसायला हात नेला, आणि तसाच मागे घेतला. राहू दे. त्याच्या मऊ पडलेल्या खांद्यावर तिने कपाळ टेकलं. उद्या गाडी आली की दारात उभं राहून नको म्हणायचं होतं, आणि ते तिला एकटीलाच म्हणायचं होतं.