भाकरीच्या फोटोचं डोकं

"फोटो नीट करून काही होनार न्हाई, वैनी. त्याईला न्हाईच म्हनायचं असलं, तर ते मलाबी न्हाई म्हनतील," राणी म्हणाली होती. मी तिचं बोलणं उडवून लावलं. पुरावा समोर असला की कोण काय बोलणार, असं मला वाटत होतं. कॉलेजात शिकलेली ना मी.

राणी माझी नणंद. कनेरगाव नाक्याजवळ तिच्या सासरचा ढाबा आहे. नवऱ्याने मारलं की ती मोबाइलवर दंडाचा, पाठीचा फोटो काढून ठेवायची. एकदा त्याला कळलं आणि त्याने मोबाइल आपटला. तिने त्यातलं फोटोंचं कार्ड काढून, भेटायला आलेल्या आईच्या हातात गुपचूप दिलं. आई म्हणजे माझ्या सासूबाई, सोजराबाई. पैसे ठेवतात तसं त्यांनी ते कनवटीला खोचलं. घरी येऊन लुगडं सोड्यात भिजवलं, धोपटलं, वाळत घातलं, आणि तेव्हा त्यांना कार्ड आठवलं.

पुढे राणीच आमच्याकडे हिंगोलीला निघून आली. तोवर दंडावरचं सगळं मावळलं होतं. सासरचे तिला न्यायला येणार, बैठक बसणार, आणि दाखवायला ते कार्ड सोडून काही उरलं नव्हतं.

दुपारी मी कॉम्प्युटर लावला. माझा लहानगा आयुष मांडीवर. त्याचा एक हात कीबोर्डवर, माझा एक डोळा त्याच्या पायाजवळच्या वायरीवर. कार्डातल्या फाइली दिसत होत्या, पण उघडत नव्हत्या. एकच धड उघडली. तव्यावर टम्म फुगलेल्या भाकरीचा फोटो.

"लई चांगली फुगली होती म्हनून काढला," राणी लाजून म्हणाली.

फोटोच्या फाइलीला सुरुवातीला एक डोकं असतं. फोटो केवढा, रंग कसे वाचायचे, ते त्यात लिहिलेलं असतं. ते बिघडलं की आत फोटो असूनही दिसत नाही. त्याच मोबाइलच्या चांगल्या फोटोचं डोकं काढून बसवलं, तर एखादा उघडतो. मी भाकरीच्या फोटोचं डोकं घेतलं आणि एकेका फाइलीला बसवत गेले. बाकीचे गेले ते गेलेच. एक उघडला. खालचा भाग नुसता राखाडी, कातडीचा रंग हिरवट. पण वर दंड होता, आणि दंडावर उमटलेली बोटं.

सासूबाई पडद्याजवळ आल्या. पदराने त्यांनी काच पुसली. मग पुन्हा पुसली. राणीने बघितलंच नाही. ती आयुषला घेऊन अंगणात गेली.

बैठकीला राणीचा सासरा किशनराव आणि तिचा नवरा आले. आमच्याकडून जळबामामा, सासूबाईंचे थोरले भाऊ. त्यांचा शब्द घरात शेवटचा. नवरा चहाच्या बशीतून मान वर काढत नव्हता. किशनराव सांगत होते की पोरगी पडली होती, तिला पडायची सवयच आहे. मी पडदा त्यांच्याकडे वळवला.

जळबामामा पडद्यापाशी वाकले. मग मला म्हणाले, "हे उघडून नव्हतं राहिलं म्हनं. मग कसं उघडलं?"

मी सांगितलं. सगळं खरं खरं, भाकरीसकट.

किशनराव हसले. "म्हंजे डोस्कं भाकरीचं, आन् हात कोनाचा का असंना. अन् मानूस असा हिरवा असते व्हय? रंग जरा बराबर द्यायचा होता, बाई."

"रंग तुमच्या पोरानं दिलाय," मी म्हणाले.

ते माझ्याकडे वळलेही नाहीत. "कॉम्प्युटरवर आता काहीबी बनते, पाव्हणे. तुमीच सांगा."

पाव्हण्यांनी, म्हणजे आमच्याच जळबामामांनी, सांगितलं. फोटोचं काही खरं नसतं, एक डाव समजून घेऊ, पोरीला धाडू. मी पोलिसांत जाऊ म्हटलं, तर घरातल्या गोष्टी घरात राहू दे म्हणाले. माझा नवरा धम्मदीप, तिचा सख्खा भाऊ, फरशीकडे बघत बसला. आणि जिचा दंड, ती बाई तिथेच दारात उभी होती. जिवंत, बोलती. तिला कुणीही एक शब्द विचारला नाही. सगळे पडद्याची उलटतपासणी करत होते. त्या दिवसाचा राग अजून माझ्या घशाखाली उतरलेला नाही.

राणीने पिशवी उचलली. आयुषच्या गालाला हात लावला आणि मला एवढंच म्हणाली, "म्हनलं होतं ना, वैनी."

आता फोन केला की किशनराव उचलतात. ती भाकरी टाकून राहिली, हात पिठात हायत, म्हणतात. कधीही केला तरी हात पिठातच. धम्मदीप जाऊन आला, त्याला बाहेरच्या बाजेवर चहा पाजून परत पाठवलं. मला तर ते लांबूनच ओळखतात. तुम्हाला ओळखत नाहीत.

हिंगोलीहून वाशीमच्या रस्त्याने गेलात, तर कनेरगाव नाक्यावरच्या ढाब्यांवर जेवायला थांबा. त्यातल्या एका ढाब्यात मागच्या चुलीपुढे एक तरणी बाई भाकरी थापत असेल. लुगड्या-साडीवर बाया कामाला घालतात तसा पुरुषी शर्ट अंगात असेल. नाव घेऊन हाक मारू नका. नुसतं बाहीकडे बघा. चुलीपुढे बसलेली बाई बाही वर सारतेच, झळ सोसत नाही. सारलेली असेल, तर जेवून खुशाल निघा. मनगटापर्यंत ओढून घेतलेली असेल, तर आणखी एक भाकर मागा; गिऱ्हाईक बसलेलं असेतोवर कुणी हात उगारत नाही. ती संपली की अजून एक मागा. लगेच उठू नका.