अंग चोरून

रामकलीने आजवर गाडीची समोरची सीट फक्त मागून पाहिली होती. जीप असो की भाड्याची सुमो, समोर भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ दुधराम, आणि मागे बायकांच्या गर्दीत ही. पण यंदा नवऱ्याने, मुन्नालालने, नागपूरहून जुनी का होईना, झोकदार विलायती कार आणली. रामकलीने लगेच देवरीच्या भावजयीला फोनवर सांगून टाकलं, "भाच्याच्या हळदीले मी समोर बसून येतो." आता शब्दाला जागायचं होतं. वाटेत आमगावला दुधराम चढणार होते, पण तो विषय घरात कुणी काढला नव्हता.

मुर्रीच्या घरून निघताना ती नवी साडी सावरत समोर बसली, पट्टा लावला, आणि पुढ्यात एक पिवळा दिवा लागला. तो काही विझेना.

"आई, गाडी म्हणून राहिली, समोर लेकरू बसलं," मागून हर्षिता म्हणाली. लेक नागपूरला इंजिनिअरिंग शिकत होती. "गादीखाली वजन समजणारं सेन्सर रायते. वजन कमी वाटलं का समोरची एअरबॅग बंद. तो फुगा एवढ्या जोरात फुगते का लेकराले लागून जाईन. पण तुले तं तो पायजे. दिवा नाही गेला तं मागं ये."

रामकलीला रागच आला. लेक लग्नाच्या वयाची झाली, आणि ही गाडी आईलाच लेकरू म्हणते.

"मांडीवर तांदळाची चुंगडी घे," मुन्नालाल म्हणाला.

"गाडीले फसवून काय फायदा, बाबूजी?" हर्षिताने पुढे वाकून पाहिलं आणि तिला हसू फुटलं. "आई, तू बसली कोठं? काठावर टेकली, जोर सारा पायावर, हातानं वरची कडी धरली. अंग कायले चोरून राहिली?"

खरंच होतं. दुसऱ्यांना जागा करून देता देता ही सवय अशी जडली होती की रिकाम्या खाटेवरही रामकली कोपऱ्यातच टेकायची. तिने कडी सोडली, मागे सरकली, पाठ टेकली. दिवा गेला. तिला फार बरं वाटलं. मुन्नालालने कारण नसताना हॉर्न वाजवला.

आमगावच्या चौकात दुधराम पिशवी घेऊन उभे होते. सवयीने त्यांनी समोरचं दार उघडलं आणि वाट पाहत राहिले. रामकलीने डोक्यावर पदर घेतला, पट्टा सोडला आणि ती उठू लागली. अंग जरा उचललं मात्र, पिवळा दिवा पुन्हा लागला.

ती दिव्याकडे बघत राहिली. मग परत मागे टेकली, चांगली ऐसपैस, आणि पट्टा लावला. दिवा गेला.

भासऱ्याशी ती इतक्या वर्षांत थेट बोलली नव्हती. आताही बोलली नाही. पदर आणखी पुढे ओढून म्हणाली, "हर्षिता, मोठ्या बाबूजीले सांग, मागं लय जागा आहे."

मुन्नालाल एकदम काच पुसायला लागला. दुधरामांनी घसा खाकरला, दार हळूच लावलं, आणि मागे जाऊन कोपऱ्यात अंग चोरून बसले.