गुरुवारचं मौन आणि लाल टाकी

दर गुरुवारी दुपारचा नैवेद्य होईपर्यंत मी बोलत नाही. नऊ वर्षांचा नेम आहे. माझ्या सगळ्या नेमांत आमच्या यांना, म्हणजे शैलेंद्रना, हाच सगळ्यात आवडतो. हे दुबई मरीनामधल्या एका कंपनीत रिस्क मॅनेजर आहेत. दिवसभर लोकांना धोके समजावून सांगतात आणि उरलेले घरी मला.

त्या गुरुवारी शारजाच्या औद्योगिक भागातून वासिफ आमच्या जुन्या व्हिलाचा बॉयलर बदलायला आला. हे घरूनच काम करत होते, म्हणजे गच्चीवर वासिफच्या मागे उभे होते. मीटिंगसाठी वर इस्त्रीचा शर्ट, खाली बर्म्युडा.

बॉयलर बसला तसं वासिफने शेजारच्या लाल टाकीवर टिचकी मारली. "साब, ये भी बदलो. अंदर रबर का पर्दा होता है, एक तरफ हवा, एक तरफ पानी. पानी गरम होके फैलता है, तो हवा दबके जगह देती है. इसका पर्दा फट गया. पूरी पानी से भरी है."

"टिचकी मारके समझता है? ये क्या नारियल है?"

मी तिथेच गच्चीवर तुळशीला पाणी घालत होते. बर दुबईच्या देवळाजवळच्या गल्लीत इतके नारळ वाजवून घेतलेत, म्हणून मीही जाऊन वाजवून पाहिली. वरपासून खालपर्यंत एकच बसका आवाज. पोकळ कुठेच नाही.

"बारा साल से खडी है, कोई तक्रार नहीं," हे म्हणाले. जे तक्रार करत नाही ते उत्तम चाललंय, हा यांचा जुना समज.

बॉयलर तापला आणि सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडू लागले.

"व्हॉल्व्ह डिफेक्टिव्ह है. प्लग मारो."

"नहीं साब. प्रेशर को जगह नहीं मिल रही, इसलिए वहाँ से निकल रहा है. बंद किया तो बॉयलर फटेगा."

"कुछ नहीं फटता. यल्ला, चलो, दो इधर."

वासिफने दिला नाही. यांनीच त्याच्या पेटीतून प्लग उचलला आणि उकिडवे बसले. बॉयलरच्या बरोबर खाली आमच्या लेकीची, अस्मीची खोली आहे आणि तिचा ऑनलाइन क्लास चालू होता.

मी तुळशीला हात जोडले आणि म्हणाले, "अहो, टाकीचा पडदा फाटलाय. व्हॉल्व्ह बंद करू नका. खाली अस्मी आहे."

माझा आवाज हळूच असतो, पण मी हातभर अंतरावर होते.

"हो, चहा चालेल. साखर कमी," हे वळून न बघता म्हणाले.

वासिफने माझ्याकडे पाहिलं, मग यांच्याकडे, आणि मान खाली घातली. माझ्या हातात निरांजनाची वात सारायची पितळी काडी होती. सायकलच्या ट्यूबला असते तशी टाकीला पिन असते. मी टोपण फिरवून काढलं आणि काडीने पिन दाबली. गंजकं पाणी पिचकारीसारखं उडालं ते थेट इस्त्रीच्या शर्टावर.

"हवा आनी चाहिए थी," वासिफ शांतपणे म्हणाला. "पानी आया. खलास."

यांनी प्लग खाली ठेवला.

नवी टाकी येऊन बसेपर्यंत दुपार झाली, माझा नैवेद्यही झाला. तोवर हे फोनवर अनिलभावजींना सांगत होते, "मी पिन चेक केली, लगेच डायग्नोस झालं." अस्मी वर आली होती.

"भाभीजी ने तो पहले ही बोला था," वासिफ नट आवळता आवळता म्हणाला.

"गुरुवार को उनका मौन होता है," हे अभिमानाने म्हणाले. "एक शब्द नहीं बोली."

"आई, डिड यू?" अस्मीने विचारलं.

हो म्हटलं तर नेम मोडल्याची कबुली, नाही म्हटलं तर देवापुढे खोटं.

"बोलले," मी म्हणाले. "नेम मोडला."

हे मनापासून हळहळले. "अगं, नऊ वर्षांचं व्रत. एवढ्याशा टाकीसाठी कशाला मोडायचं? व्हॉट्सअ‍ॅप करायचं ना."

वासिफने आवळलेला नट पुन्हा आवळला.

"वासिफभाई, खाना खाकर जाइए," मी म्हणाले आणि खाली जाऊन तीन ताटं वाढली: वासिफचं, अस्मीचं आणि माझं.