बाकावरची दुसरी जागा

माझं वय एकतीस, आणि मी तिसरीत आहे. आमच्या कामतघर भागातल्या शाळेने माझ्या भाविकाला प्रवेश दिला तो एका अटीवर. पोरगी बोलायला, समजायला उशीर लावते, तेव्हा आईने वर्गात तिच्या शेजारी बसायचं. हमीपत्रावर मी मुकाट सही केली. अडला हरी, गाढवाचे पाय धरी.

सकाळी साडेसातपासून मी त्या बुटक्या बाकावर गुडघे आखडून बसते. दप्तर मी उघडते, पेन्सिलीला टोक मी काढते, हजेरीला तिच्या आधी मीच ‘हजर’ म्हणून मोकळी होते. खिडकीबाहेर कापडाच्या लूमची खडखड, आत पाढे. सासूबाई म्हणतात, “नोकरी लागली तुला, फकस्त पगार न्हाय.”

परवा तपासणीला साहेब आले. त्यांनी भाविकाला विचारलं, “बाळ, तुझी मैत्रीण कोण?”

तिने माझ्याकडे बोट दाखवलं. साहेब कौतुकाने हसले, वर्गही हसला. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन वर्षांत चाळीस पोरांपैकी एकाचंही नाव तिच्या तोंडी आलं नव्हतं, आणि ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

मधल्या सुट्टीत पुढच्या बाकावरच्या तुळजाला गाठलं. “तू का बसत न्हाय गं भाविकाजवळ?”

“काकू, तिथं तुमी बसता ना. जागा कुठं हाय?”

मी तडक वर्गाच्या नीरजाबाईंकडे गेले. म्हटलं, उद्यापासून मी बाहेर बसते.

बाई वाईट नाहीत. पण त्यांनाही नोकरी करायची आहे. “हेमालीताई, काही झालं तर जबाब मला द्यावा लागतो. उद्या एक तास बघू. नाही जमलं, तर पुन्हा हा विषय काढू नका. मोठे सर सरळ दाखला हातात ठेवतील.”

काल मी उठले आणि तुळजा हौसेने माझ्या जागी येऊन बसली. मी दाराबाहेर पाऊल ठेवलं, तोच भाविकाने तिला ढकलून खाली पाडलं आणि गळा काढला. तीन वर्षं तिला फक्त माझाच खांदा माहीत, दुसऱ्या कुणाचा चालेल कसा? ही सवय मीच लावली होती. मी बाहेर भिंतीला टेकून उभी राहिले, कान झाकले. पाच मिनिटांनी बाईंनीच हाक मारली.

मी परत बसले. तुळजा कोपर चोळत दप्तर घेऊन आपल्या बाकावर गेली. भाविका लगेच गप्प झाली, माझा दंड दोन्ही हातांनी घट्ट धरून हसली. त्या हसण्याचा मला राग आला. पोटच्या पोरीच्या हसण्याचा.

ही शाळा दहावीपर्यंत आहे.