दोन सारखे डोळे

तीस वर्षं मी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. दोन्ही बाजूंनी समतोल अक्षर काढण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. म्हणून वडील गेल्यावर त्यांचा चेहराही मीच एका पत्र्यावर रंगवला. आईने तो पाहिला आणि कपाटामागे ठेवला. हा माणूस आपल्या घरातला नाही, एवढंच म्हणाली. मला ते फार लागलं.

आता आईची नजर जात चालली होती. डॉक्टरांनी वर्षभराची मुदत सांगितली. तेवढ्या वेळात तिला तिचा नवरा ओळखू येईल असा काढायचाच, असं ठरवून मी छप्पन्नाव्या वर्षी तैलरंगाच्या वर्गात नाव घातलं.

शिकवणाऱ्या मॅडम माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आणि दसपट कडक. त्यांचा नियम एकच: आधी पाचशे वर्षांपूर्वीच्या इटालियन चित्रातल्या एका बाईची हुबेहूब नक्कल, मग घरचे चेहरे. चेहऱ्याचा पहिला थर हिरवा. फोनवर त्याचा फोटो बघून बायकोने विचारलं, हिला विष कुणी घातलं? त्यावर गुलाबी, मग आणखी पातळ थर, आणि प्रत्येक थर वाळेपर्यंत आठवडा. दिवसात पाटी उरकणारा मी पार मेटाकुटीला आलो. पण एकही तास चुकवला नाही.

सात महिन्यांनी मॅडम म्हणाल्या, जमलं, आता वडिलांचं घ्या. मी हौसेने आईला वर्गात घेऊन गेलो. तिने नाक टेकेल इतक्या जवळून माझं चित्र पाहिलं, मग शेजारी लावलेली मूळ चित्राची छापील प्रत.

"या छापील बाईची डावी पापणी खाली आलीय," ती म्हणाली. "तुझ्या बाईचे दोन्ही डोळे सारखे. बाबांचेही तू असेच केले होतेस."

मी पट्टी लावून मोजलं. खरंच होतं. पाटीवाल्या हाताने नकळत दुरुस्ती केली होती. मॅडम म्हणाल्या, नवख्याला एवढं चालतं, सरळ वडिलांचं सुरू करा. मोह मलाही झाला. पण हात हाच राहिला, तर बाबा पुन्हा परकेच उतरणार होते. आणि त्या बाईचा चेहरा नव्याने करायचा म्हणजे तीन महिने गेले. आईकडे जेमतेम पाच होते.

"उशीर होईल गं," मी म्हणालो.

"होऊ दे. तू नीट शीक. मी डोळे सांभाळते."

मी रंगाची सुरी उचलली आणि त्या बाईचा डावा डोळा खरवडून काढला.